माझा रविवार मोकळा असतो

सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं नाव सांगतो. आईवडिलांचं ऋण आहे, ज्या ब्रदरांनी मला शिकवलं त्यांचं आहे, कॉलेजात मिळालेल्या शिष्यवृत्तीचंही आहे. पण ते सगळं नंतरचं.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा आणि गावातली निम्मी घरं ऊसतोडीला निघून जायची. त्या वर्षी घरात असं ठरलं होतं, की अक्का सातवीत आहे, हुशार आहे, तर तिनं मावशीकडे राहून शाळा पुरी करावी. मी लहान, मी आईवडिलांबरोबर जावं. मी ट्रकमध्ये बसलोही होतो. तळाला भांडी, त्यावर वाकळा, वाकळांवर मी आणि शेजारी पाय बांधलेल्या कोंबड्या. अक्का निरोप द्यायला आली होती. ती वडिलांना म्हणाली,

"ह्याला खाली घ्या. ह्याला त्या ब्रदरांच्या बोर्डिंगात टाका."

"आन् बकरी कोन राखील? मोळ्यांना हात कोन लावील? तू?" वडील चेष्टेनं म्हणाले.

"व्हय, मीच. माझी झाली की शाळा. मला लिवता येतंय, वाचता येतंय. ह्याला अजून सही करता येत न्हाई."

वडिलांनी मला काखेत धरून खाली ठेवलं. अक्का चाकावर पाय देऊन वर चढली. मी रडलो नाही. ट्रकमधून जायला मिळणार नाही म्हणून मला राग आला होता, एवढंच आठवतं. तिनं वरून भाकरीचं गाठोडं माझ्याकडे टाकलं. दुसऱ्या दिवशी मावशीनं मला एसटीनं बोर्डिंगात नेऊन सोडलं. अक्का पुन्हा शाळेत गेली नाही.

बोर्डिंगात चार ब्रदर होते. पांढरा झगा घालून शाळेत शिकवणारे आणि संध्याकाळी तोच झगा कमरेला खोचून आमच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळणारे. त्यांच्यातले थोरले ब्रदर गणित शिकवायचे. त्यांची एक पद्धत होती. फळ्यावर गणित अर्ध्यापर्यंत आणायचं, मग खडू वर्गाकडे धरायचा आणि म्हणायचं, "हं, कोण संपवतंय?" कुणी उठलं नाही तर ते तसेच खडू धरून उभे राहायचे. शेवटी त्यांचा हात दुखेल म्हणून तरी कुणीतरी उठायचं. मी पहिल्यांदा उठलो तो याच कारणानं. गणित चुकलं. ते म्हणाले, "चूक कुठं झाली ते शोध, तोवर मी बसतो," आणि खरंच माझ्या जागेवर जाऊन बसले.

दहावी झाली, बारावी झाली. थोरल्या ब्रदरांना मी सांगितलं, की मला तुमच्यासारखं व्हायचं आहे. ते म्हणाले, आधी पदवी घे, मग बघू. नगरला भिंगारच्या रस्त्यावर आमच्या ब्रदरांच्या संघाचं एक घर आहे. तिथं राहून, सायकलवरून कॉलेजला जाऊन मी बी.एस्सी. झालो, पुढं बी.एड., मग ब्रदर झालो. आमच्या भावकीत पदवी घेतलेला मी पहिला. पदवीदान समारंभात भाड्याचा काळा गाऊन घालून काढलेला माझा फोटो अक्कानं तिच्या घरी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावला आहे. तिच्याकडे नवीन येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "ह्ये वकील कोन तुमचे?"

ब्रदर म्हणजे काय, हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. आम्ही लग्न करत नाही, स्वतःच्या नावावर काही ठेवत नाही आणि वरिष्ठ सांगतील तिथं जातो. इथपर्यंत फादर लोकांसारखंच. पण आम्ही धर्मगुरू नाही. मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, करणं, पापनिवेदन ऐकणं, लग्न लावणं ही कामं आमची नाहीत. आमचं काम शिकवणं. पहाटे घंटा होते, एकत्र प्रार्थना होते, चहा होतो आणि आम्ही शाळेत जातो. मी नववी आणि दहावीला गणित शिकवतो. माझ्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं जास्त, बौद्ध घरांतली बरीच, ख्रिस्ती थोडी. सगळी मला 'ब्रदर सर' म्हणतात.

बाहेर मात्र 'ब्रदर' या शब्दाची किंमत कमी लावली जाते. एसटीचा कंडक्टर झगा बघून "फादर, सुट्टे द्या" म्हणतो. मी फादर नाही म्हटलं की त्याला वाईट वाटतं आणि तो म्हणतो, "व्हाल की, अजून वय कुठं गेलंय." लोकांना वाटतं ही खालची पायरी आहे, नेटानं काम केलं की वर चढवतात. माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैलांची दलाली करतात. ते दर भेटीत एकदा तरी म्हणणार,

"काय पाव्हणं, अजून खोंडच का? औताला कधी जुपायचं?"

"औतालाच आहे दाजी. रोज सात तास असतात."

"त्ये न्हाई ओ. बाजारात दाखवाया न्यावा आसा बैल कधी व्हायचा?"

दाजींचं हसण्यावारी जातं. अक्काचं तसं नव्हतं.

आमच्या लोकांत एक रीत आहे. नव्या फादरला दीक्षा देताना बिशप त्याच्या दोन्ही तळहातांना पवित्र तेल लावतात आणि ते हात एका पांढऱ्या कापडानं बांधतात. नंतर ते कापड फादरच्या आईला देतात. ती ते आयुष्यभर जपून ठेवते आणि ती गेली की शवपेटीत तिच्या हातांभोवती गुंडाळतात. वर गेल्यावर देवानं विचारलं, की तू काय आणलंस, तर तिच्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

मी नुकताच शिकवायला लागलो होतो, तेव्हा शेजारच्या गावातल्या एका फादरांची आई वारली. अक्का आणि मी मातीला गेलो होतो. म्हातारीच्या हातांना ते कापड गुंडाळलं होतं, पिवळं पडलेलं. अक्का पेटीशी बराच वेळ वाकून उभी राहिली. परत येताना जीपमध्ये म्हणाली, "अजून वास येत हुता तेलाचा."

त्यानंतर काही वर्षांनी मला कळलं, की तिनं कापड आणून ठेवलं आहे. सणाला गेलो होतो. ती ट्रंकेतून काहीतरी काढत होती, तर वर पांढऱ्या मांजरपाटाची एक घडी दिसली. कडेला बारीक हातशिलाई आणि एका कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याचा क्रूस.

"हे काय?"

"ऱ्हाऊ दे. हात लावू नको, मळंल."

"अक्का, ब्रदरला तेल लावत नाहीत."

"ठावं हाय मला."

"मग?"

"मग काय? आई न्हाई आपली. आई नसली तर थोरल्या भनीला देत्यात. मी इचारलंय फादरांना."

माझी हुशारी तिला पटवण्यात कधी चालली नाही. दीक्षेचं कापड आपल्याकडे घरूनच शिवून नेतात. ते शिवायला मुलगा निदान सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण घेत, तरी असावा लागतो. तिनं ते त्याच्या आधीच शिवलं होतं.

मागच्या वर्षी आमचे प्रांतप्रमुख शाळेत आले. ते या भागातल्या आमच्या सगळ्या ब्रदरांचे वरिष्ठ. तोवर माझी व्रतं ठरावीक मुदतीची होती, पुढच्या मे महिन्यात मला कायमची घ्यायची होती. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की बिशपांच्या धर्मप्रांतात इथल्या खेड्यांची भाषा, माणसं माहीत असलेले फादर कमी आहेत. बिशपांनी तुझ्याबद्दल विचारलं आहे. तुझी तयारी असेल तर आम्ही तुला मोकळं करू. सेमिनरीत पुन्हा बरीच वर्षं शिकावं लागेल. पण एकदा कायमची व्रतं झाली की हा विषय संपला. नाताळपर्यंत विचार करून सांग.

त्यांनी आग्रह केला नाही. मला वेदीपुढं उभं राहण्याची ओढ कधी वाटली नव्हती, हे मी त्यांना तेव्हाच सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. मला ती मांजरपाटाची घडी आठवली.

ही गोष्ट आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, फादरांकडून घोडेगावच्या फादरांना आणि त्यांच्याकडून अक्काला कळली. तिचा फोन आला.

"खरं का रं?"

"विचारलंय फक्त."

"आता इचार कसला करतो? मी रोज माळ म्हनते. नऊ दिसांचं मागणं पन धरलंय." मग आवाज बदलून म्हणाली, "मी तुला काय मागितलंय का कधी?"

मागितलं नव्हतं. तिनं फोन दाजींना दिला.

मधल्या काळात दसरा आला. आमच्या शाळेचं वर्ष दसऱ्याच्या आधी आणि नंतर असं दोन भागांत असतं. दसऱ्यानंतर नववीच्या वर्गातले मागचे बाक रिकामे होतात. त्याआधीचे आठवडे मी वस्त्यांवर फिरतो. मुलांना बोर्डिंगात आणि मुलींना सिस्टरांच्या वसतिगृहात ठेवा, एवढंच सांगायचं असतं. काही ऐकतात. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी मी तीनदा गेलो. गणितात ती चांगली होती. वर्गाकडे खडू धरला की पहिली उठायची. तिचा धाकटा भाऊ पाचवीत होता. तिसऱ्या वेळी वडील म्हणाले, "ब्रदर सर, पोराला ठिवतो तुमच्याकडं. पोरगी पायजे मला. तिची आई आता मोळी उचलू शकत न्हाई." मुलगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "जाऊ द्या सर, त्यो ऱ्हातोय ना. मी पुस्तकं नेते." मी सिस्टरांना घेऊन पुन्हा गेलो तेव्हा घराला कुलूप होतं.

त्यांची टोळी नेवाशाकडच्या एका कारखान्यावर गेली होती. मोटरसायकलनं गेलं तर जमण्यासारखं अंतर. रविवारी सकाळची मिस्सा झाली की ब्रदरला संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत काही काम नसतं. कुणी कपडे धुतात, कुणी वह्या तपासतात. मी गाडी मागून घेतली आणि गेलो. तोडीला रविवार नसतो, पण दुपारी ऊस भरून झाला की गाडी निघेपर्यंत वेळ मिळतो. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, एका रांगेत होत्या. त्यांच्यापुढं गोणपाट टाकून आम्ही बसलो. ती आणि इतर टोळ्यांतली आणखी काही मुलं. फळा नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर खडू चांगला उमटतो, हे एका चालकानं दाखवलं. मात्र तो म्हणाला, "लवकर आटपा सर, नाहीतर तुमचं वर्तुळ वजनकाट्यावर जाईल उसाबरोबर."

मी दर रविवारी जाऊ लागलो. जाताना घोडेगाव लागतं. अक्काकडे भाकरी खाऊन पुढं जायचं, असा रिवाज पडला. ती दर वेळी वाढताना विचारायची, "काय ठरलं?" मी म्हणायचो, "अजून नाही." नाताळ जवळ आला तेव्हा एका रविवारी ती पदर खोचून म्हणाली, "मी पन येते. बघू तरी काय करतो रोजच्या रोज."

"रोज नाही, रविवारी."

"त्येच."

अक्कानं लग्नानंतरही बरीच वर्षं तोड केली आहे. आता ती बाजाराच्या दिवशी चहा विकते. फडावर उतरल्यावर ती माझ्याकडे न बघता सरळ त्या मुलीकडे गेली. मुलगी मोळी बांधत होती. मोळी उसाच्याच हिरव्या शेंड्यानं बांधतात, त्याला वाढं म्हणतात. त्याच्या कडेनं हात कापतात.

"आसं न्हाई गं. आधी पिळून घे चांगलं, मग ताण. बघ." अक्कानं एक मोळी बांधून दाखवली. "पीळ बसला की धार मरती."

"मावशी, तुमी पन तोडीला हुता?"

"लई वर्सं."

"मग शाळा?"

"सातवी. तुझी?"

"नववी. माझा भाऊ बोर्डिंगात हाय, ब्रदर सरांकडं. त्यो हुशार हाय."

"आन् तू?"

मुलगी हसली. "मी बी हाय, पन मी मोठी हाय."

मी शिकवत होतो तोवर अक्का कोपीच्या सावलीला मुलीच्या आईजवळ बसून राहिली. त्या दिवशी वर्तुळाच्या जीवेचं प्रमेय होतं. मी अर्ध्यावर आणलं आणि खडू पुढं धरला. मुलगी उठली, फाळक्याजवळ गेली आणि पुरं केलं. टोळीतला एक म्हातारा म्हणाला, "आयला, पोरीनं ट्रॉली इकत घेतली जनू."

परतताना अक्का गाडीवर माझ्यामागं बसली होती. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली,

"फादर झालास तरी येशील की हितं."

"रविवारी कसा येणार? रविवारी फादरांना चार गावांत मिस्सा असते."

"मग सोमवारी ये."

"सोमवारी मी शाळेत नसेन. मी चर्चमध्ये असेन. कुणाचं लग्न, कुणाची माती."

"लई शाना हायेस." घोडेगावच्या अलीकडे तिनं विचारलं, "आन् माझ्या हाताचं काय?"

तिला दारात सोडलं. ती भाकरीला थांब म्हणाली नाही.

त्या आठवड्यात मी प्रांतप्रमुखांना निर्णय कळवला आणि अक्काला पत्र लिहिलं. बोर्डिंगात असताना मी तिला फडावरच्या पत्त्यावर पोस्टकार्डं पाठवायचो. त्यानंतर हे पहिलंच. त्याची एक प्रत मी ठेवली होती, ती इथं देतो.

प्रिय अक्का,

सप्रेम जय ख्रिस्त.

फोन केला असता, पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस आणि शेवटी दाजींच्या हातात देतेस. म्हणून लिहितो.

मी फादर होणार नाही. प्रांतप्रमुखांना तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मे महिन्यात ब्रदर म्हणूनच कायमची व्रतं घेईन. म्हणजे तुला ते कापड मिळणार नाही. हे आधीच लिहितो, कारण पत्र उघडल्यावर तू तेच शोधशील.

फादरांचं काम मोठं आहे. मला ते कमी वाटतं म्हणून नाही म्हटलं नाही. पण फादरांचा रविवार त्यांचा नसतो आणि मला रविवार लागतो. तू काय बघायचं ते बघितलं आहेस. ती मुलगी ट्रकमध्ये बसली आणि तिचा भाऊ माझ्याकडे राहिला. मागं राहिलेला भाऊ मी, मला शिकवणारे भेटले होते. ट्रकमध्ये बसलेल्या बहिणीकडे रविवारी कुणी आलं नव्हतं. हे मला बोर्डिंगात असताना सुचलं नाही, कॉलेजातही सुचलं नाही. तू तिला वाढं पिळायला शिकवत होतीस तेव्हा सुचलं.

माझ्या हाताचं काय, असं तू विचारलंस. आईच्या हातात आपण तिची जपमाळ दिली होती. देवानं तिला काय विचारलं ते आपल्याला माहीत नाही. तुला विचारलं, तर ट्रकमधली माझी जागा तू घेतलीस ते सांग. त्याला कापड लागत नाही, असं मला वाटतं. पण मी धर्मगुरू नाही, तेव्हा हे खात्रीनं सांगण्याचा अधिकार मला नाही. फादरांना विचारून घे.

मुलीनं वडिलांच्या फोनवरून तुझी आठवण काढली. हात आता कमी कापतात म्हणाली. परीक्षेला येईन म्हणते. बघू.

व्रतांच्या दिवशी तेल नसतं, हात बांधत नाहीत. व्रतं वाचायची आणि त्या कागदावर वेदीवरच सही करायची, एवढंच असतं. सही मला येते आता. मी करीन तेव्हा तू पहिल्या बाकावर बस. दाजींनाही आण. खोंडाला कायमचं जुपलं म्हणून सांग.

कापडाचं तू ठरव. मला विचारशील, तर येताना त्यात भाकऱ्या बांधून आण. कार्यक्रम लांबतो आणि जेवण उशिरा असतं. राग आला असेल तर राहू दे ट्रंकेत, पण तू ये.

या रविवारी मी जाणार आहे. जाताना घोडेगावला थांबतो. वाढायचं नसेल तर वाढू नकोस, मी दारातून हाक मारीन.

तुझा भाऊ